कोपऱ्यावरचं स्टूल

क्लावदिया प्रोखोरोव्हनाच्या घरी जेवायला जाणं म्हणजे कोर्टात हजर राहणं होतं. कोणत्या कलमाखाली कधी धरले जाल याचा नेम नसे. रिकामी बाटली टेबलावर राहिली? उचल आधी, खाली जमिनीवर ठेव, घरात रडारड आणायची आहे का? मीठ सांडलं? भांडण होणार, चिमूटभर डाव्या खांद्यावरून मागे टाक. सुरी पडली तर पुरुष येणार, चमचा पडला तर बाई येणार. व्होडका ओतणाऱ्यानं हात बदलायचा नाही, मनगट उलटं करून ओतायचं नाही, हवेत धरलेल्या ग्लासात तर ओतायचंच नाही. आणि कुणाच्या भल्यासाठी चार शब्द बोलून उचललेला ग्लास न पिता खाली ठेवायचा नाही. ठेवलात, तर बोललेलं सगळं उलटलं म्हणून समजा. कामा नदीकाठच्या सारापुल गावात ही कलमं घरोघरी आहेत. लोक हसत हसत पाळतात आणि हसत हसत विसरतात. क्लावदिया हसतही नसे आणि विसरतही नसे.

तिचा जावई गेन्नादी एकदा जेवून निघाला आणि टोपी वरच विसरला. अर्धा जिना उतरून तो परत फिरला, तर सासूबाई दारात आडव्या उभ्या. वाटेतून मागे फिरलं की प्रवासाचं वाटोळं होतं, हे पोराला त्याच्या आईनं शिकवलं नाही का, असं त्याला ऐकवून तिनं त्याला तसाच खाली पिटाळलं आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून टोपी फेकली. टोपी चिखलात पडली. बरा प्रवास झाला म्हणायचा गेन्नादीचा, पेर्मला घरी पोचेपर्यंत ओली टोपी मांडीवर घेऊन.

धाकट्या मुलीला, रिम्माला, या सगळ्याचा तिटकारा होता. ती गावच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नदीचं पाणी तपासायची. बाटलीत जे सापडलं ते आहे, जे सापडलं नाही ते नाही, एवढाच तिचा धर्म. सुरी पडली तर पाहुणा येत नाही, सुरी धुवावी लागते, असं ती म्हणायची. ऑफिसात चहाच्या वेळी आईची नक्कल करायची, तेव्हा तिथल्या बायका पोट धरून हसायच्या आणि हसता हसता आपापली रिकामी बाटली गुपचूप टेबलाखाली सरकवायच्या. रिम्माला ते दिसायचं. शिकल्यासवरल्या बायका, आणि बाटलीला घाबरतात. तिला त्यांची कीव यायची, आणि खरं सांगायचं तर ती कीव तिला आवडायची. चारचौघांत आपण एकटीच शहाणी असण्याची एक गोडी असते, ती तिला लागली होती.

आता त्या टेबलाचं सांगायला हवं. वडिलांनी स्वतःच्या हातानं केलेलं, बर्च लाकडाचं, सोफा आणि कपाटाच्या मधोमध दाटीनं बसवलेलं. सोफ्यावर तिघं, समोर खुर्च्या, खिडकीपाशी क्लावदियाची स्वतःची पाठवाली खुर्ची. आणि स्वयंपाकघराच्या दाराकडच्या कोपऱ्याला एक स्टूल. बिनलग्नाच्या मुलीनं टेबलाच्या कोपऱ्यावर बसलं तर सात वर्षं तिला नवरा मिळत नाही, हे सगळ्या रशियाला ठाऊक आहे. म्हणून अशा जागी लोक पुरुषाला बसवतात, लग्न झालेलीला बसवतात, नाहीतर म्हातारीला. क्लावदियाच्या घरी तिथे रिम्मा बसायची.

थोरली मुलगी अलेव्तिना, घरातलं नाव आल्या, लग्नाआधी एकदा चुकून त्या स्टुलावर टेकली होती, तर आईनं पाहुण्यांदेखत तिच्या थोबाडीत दिली होती. पुढे थोरली गेन्नादीशी लग्न करून पेर्मला गेली, त्याच हिवाळ्यात वडील गेले, आणि त्यानंतर कधीतरी ते स्टूल रिम्माचं झालं. ऊठबस करायला सोपं जातं, असं आई म्हणाली. गोष्टही खरीच होती. ताटं रिम्माच आणायची, रिम्माच न्यायची. शिवाय तिला तिथे बसण्यात मजा वाटायची. एखादी नवखी बाई तिला तिथे बघून डोळे मोठे करायची, तेव्हा रिम्मा कोपर कोपऱ्यावर टेकवून आणखी ऐसपैस बसायची. लाकूड ते लाकूड.

लग्न झालं नाही ही गोष्ट वेगळी. दोनदा जमत आलं होतं. एक इंजिनिअर होता, त्याची इझेव्स्कला बदली झाली. दुसरा शाळेत नकाशे शिकवायचा, त्याला उत्तरेला जायचं होतं. दोन्ही वेळा रिम्मानंच नाही म्हटलं, कारण आई एकटी होती. यात कोपऱ्याचा संबंध काय? काहीच नाही. नाही म्हणायला तिचं स्वतःचं तोंड होतं.

आणि आता, चाळिशी उलटल्यावर, रोदिओन आला होता. नदीत मोठ्या नावा ओढणाऱ्या बोटीवर मिस्त्री, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, कमी बोलणारा माणूस. पाण्याचे नमुने घ्यायला रिम्मा धक्क्यावर जायची, तिथे ओळख झाली. त्याला कझानच्या बंदरात काम मिळालं होतं. कामेचा बर्फ फुटून नावा सुरू व्हायच्या आत त्याला तिकडे पोचायचं होतं. माझ्याबरोबर चल, असं त्यानं एकदाच विचारलं, पुन्हा विचारलं नाही. आईच्या पंच्याहत्तरीला घरी ये, तिथेच सगळ्यांसमोर सांगते, असं रिम्मानं त्याला कबूल केलं. मागच्या दोन्ही वेळा तिनं आईला एकटीला गाठून सांगितलं होतं आणि सांगता सांगता विरघळली होती. या वेळी साक्षीदार हवे होते.

वाढदिवस बुधवारी होता, पण जेवण ठेवलं पुढच्या शनिवारी. आधीच्या शनिवारी ठेवणं म्हणजे यमाला आवतण. थोरली आल्या आणि तिचा नवरा गेन्नादी पेर्महून आले. खालच्या मजल्यावरच्या फाइना मावशी आल्या, सोबत त्यांची नात उस्तिन्या, एकोणीस-वीस वर्षांची, मान सतत फोनात. रोदिओन कोट इस्त्री करून आला, फुलं आणली तीही मोजून विषम, कारण सम फुलं मेलेल्याला देतात. क्लावदियानं ती मोजली, रिम्मानं तिला मोजताना पाहिलं आणि नाक मुरडलं.

टेबल भरलं होतं. बीटाखाली दडवलेला खारा मासा, काकडीचं लोणचं, काळा पाव, अळंबी भरलेल्या कणकेच्या छोट्या गरम वाट्या, पेरेपेची. सगळे आपापल्या जागा शोधत होते, तेवढ्यात उस्तिन्या फोनात बघत बघत आली आणि दाराकडच्या स्टुलावर जाऊन बसली.

क्लावदियाला जणू चटका बसला. ती खुर्चीवरून उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि मुलीचा दंड धरून तिला उभं केलं. "ऊठ आधी तिथून. सात वर्षं नवरा मिळायचा नाही तुला." मग मान वळवून, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "रिम्मा, तू बस ना तुझ्या जागेवर."

सगळे हसले. गेन्नादी म्हणाला की मी मागेच म्हटलं होतं, तो कोपरा करवतीनं कापून टाका, पण एक कापला की दोन तयार होतात, ही मोठी अडचण आहे. त्यावर पुन्हा हसले. रिम्माही हसली, स्टूल ओढून बसली, कोपर कोपऱ्यावर टेकवलं.

रोदिओन हसला नाही. तो उठून म्हणाला की मी बसतो तिथे, रिम्माला इकडे येऊ द्या. क्लावदिया म्हणाली, पहिल्यांदा आलेला पाहुणा कोपऱ्यावर, लोक शेण घालतील माझ्या तोंडात. मग गेन्नादीला बसवा, असं त्यानं सुचवलं. गेन्नादीचा गुडघा दुखतो, असं उत्तर आलं. गेन्नादीनं चटकन गुडघ्याला हात लावला. एरवी तो गुडघा हिवाळाभर मासे धरायला बर्फावर बसायचा.

"आणि रिम्माचं काय?" रोदिओननं विचारलं.

"तिचं काय असणार?" क्लावदिया म्हणाली. "ती मानत नाही."

"माझी आई मानायची," रोदिओन म्हणाला. त्याच्या आवाजात भांडण नव्हतं, एखाद्या यंत्राचं सांगावं तसं तो सांगत होता. "आमच्याकडे एक खोली, आठ माणसं. जागा नसली तर आई उभ्यानं जेवायची. पण माझ्या बहिणीला तिनं कोपऱ्यावर बसू दिलं नाही. बहीण हसायची तिला. तरी नाही."

एवढं बोलून तो बसला आणि पावाला लोणी लावायला लागला. फाइना मावशींनी घाईघाईनं माशाची स्तुती सुरू केली.

रिम्माचं कोपर अजून कोपऱ्यावरच होतं. ते तिनं उचललं. मानणाऱ्या माणसाला जे एका नजरेत दिसलं, ते तिला इतकी वर्षं दिसलं नव्हतं, कारण ती त्याकडे बघून हसण्यातच दंग होती. कोपऱ्यात काही नाही, हे तिनं कधीच ठरवून टाकलं होतं. पण बसवणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे, हे तपासायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. जी बाई परक्याच्या नातीला दंड धरून उठवते, थोरलीच्या थोबाडीत मारते, जावयाला टोपीसाठी जिना चढू देत नाही, ती बाई स्वतःच्या पोटच्या पोरीला सांगते, तू बस ना तुझ्या जागेवर.

ती मोकळी बशी घेऊन स्वयंपाकघरात गेली. आई मागोमाग आलीच, उकळत्या पाण्यात कणकेत खिमा भरलेली पेल्मेनी सोडायला. रिम्मानं दार लोटून घेतलं.

"आई, कोपऱ्याचं ते तू खरं मानतेस ना?"

"मानते. माझी आई मानायची, मी मानते."

"आल्याला त्यावरून मारलं होतंस."

"मारलं होतं. बरं झालं मारलं. वर्षाच्या आत लग्न झालं तिचं."

"मग मला तिथे का बसवलंस?"

क्लावदियानं झारा पातेल्यात फिरवला. पेल्मेनी तळाला चिकटू नयेत म्हणून ती फार जपायची. "तू मानत नव्हतीस. जो मानत नाही त्याला कुठे काय लागतं?"

"पण तू मानत होतीस, आई."

 पेल्मेनी एकेक करून वर यायला लागली. ती सगळी वर येईपर्यंत आई पातेल्यात बघत राहिली.

"आल्या गेली," शेवटी ती म्हणाली. "तुझे बाबा गेले. कुणीतरी राहायला नको का माझ्याजवळ?" आणि त्याच दमात म्हणाली, "तो लोण्याचा डबा दे."

रिम्मानं डबा दिला. तिला रडू आलं नाही, राग तर त्याहून नाही. लाज वाटली, ती मात्र टाचेपर्यंत वाटली. इतकी वर्षं ती आईला भोळी समजत होती, चारचौघींत तिची नक्कल करून टाळ्या घेत होती. भोळी कोण होतं? म्हातारीनं जे हवं ते मागितलं, जिथे मागायचं तिथे मागितलं, आणि दर सणावाराला मुलीला स्वतःच्या पायांनी जाऊन तिथे बसायला लावलं. आणि मुलगी हसत हसत बसत होती. कोपऱ्यानं काही केलं नसेल, नाहीच केलं. पण दोन्ही वेळा नाही म्हणताना तिच्या तोंडातून जे शब्द आले होते, आई एकटी आहे, ते तिचे स्वतःचे होते की याच स्वयंपाकघरात शिजवून तिला वाढलेले, हे आता कोणत्या प्रयोगशाळेत तपासायचं?

ती बाहेर आली ती स्टुलाकडे गेलीच नाही. रोदिओनच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि आई पेल्मेनी घेऊन येऊन बसताच उभ्यानंच सांगून टाकलं. या महिन्याच्या शेवटी मी रोदिओनबरोबर कझानला जाते आहे. तिथेच लग्न करू.

पहिली बोलली आल्या, आणि तिनं अभिनंदन वगैरे भानगडीत न पडता थेट विचारलं, "मग आईचं कोण बघणार?"

बघण्यासारखं आईचं काय होतं? ती बाई अजून शेतावरून बटाट्याची पोती पाठीवर आणत होती, दुखतंखुपतं म्हणून कधी कुणाच्या दारात गेली नव्हती. रिम्मा एवढंच म्हणाली की पेर्मला तुमच्या तीन खोल्या आहेत आणि तूही हिचीच मुलगी आहेस. आल्याला एकदम आठवलं की मासा फार छान झालाय. अशी ही थोरली. आईवरचं तिचं प्रेम सारापुलच्या वेशीबाहेर पाऊल टाकत नसे.

गेन्नादी माणूस हलका, पण अशा वेळी उपयोगी पडायचा. त्यानं बाटली उचलली, हात न बदलता सगळ्यांचे ग्लास भरले आणि उभा राहून म्हणाला की रिम्मा आणि रोदिओनच्या संसारासाठी, त्यांच्या घरात कधी काही कमी पडू नये यासाठी. सगळे उठले. ग्लास एकमेकांना भिडवले. क्लावदियाही उठली, तिनंही ग्लास ओठांपर्यंत नेला. मग सगळे पीत असताना तिनं तो होता तसा, काठोकाठ भरलेला, टेबलावर ठेवला. अगदी हळू ठेवला, थेंब सांडू दिला नाही.

फाइना मावशींनी पाहिलं आणि खाली बघितलं. रोदिओननं पाहिलं. रिम्मानंही पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला ती भाषा वाचता आली. पडलेली सुरी, सांडलेलं मीठ, उलटं मनगट, या सगळ्याला हसून झालं होतं. पण हा भरलेला ग्लास तिच्यासाठीच ठेवला होता, आणि त्याचा अर्थ सरळ होता: तुझं भलं न होवो. ती पुढे झाली, आईचा ग्लास उचलला आणि स्वतः पिऊन रिकामा केला.  पेल्मेनी थंड होत होती.

पुढचे दिवस घरात सगळं गोडीत चाललं. क्लावदियानं एक शब्द वावगा काढला नाही. उलट मोजे विणून दिले, मुरंब्याच्या बरण्या कागदात गुंडाळल्या. रिम्मा जरा विरघळायला लागली. आपण त्या दिवशी जास्तच लावून घेतलं, म्हातारीची सवय ती, असं तिला रात्री वाटे आणि सकाळी वाटेनासं होई.

निघायच्या दिवशी सकाळी रोदिओन गाडी घेऊन आला. बर्फ फुटायला लागला होता, नदीचा करकराट अंगणापर्यंत ऐकू येत होता, वारा बोचरा होता. सामान दाराशी आलं. निघण्याआधी क्षणभर बसायचं असतं, न बोलता. रोदिओन सोफ्यावर टेकला. क्लावदियानं हातानं स्टूल दाखवलं. रिम्मा खिडकीपाशी गेली आणि आईच्या पाठवाल्या खुर्चीत बसली. आईला बसायला कोपराच उरला. ती बसली नाही, उभीच राहिली.

दारात तिनं मुलीला जवळ घेतलं, गालाचे मुके घेतले, खूप वेळ सोडलं नाही.  जिना उतरताना रिम्माला समोरचं नीट दिसत नव्हतं. खाली अंगणात आल्यावर, गाडीच्या दाराला हात लावला तेव्हा तो गार लागला, आणि तिच्या लक्षात आलं की हातमोजे वर राहिले.

वरची खिडकी उघडली. क्लावदिया वाकून उभी होती, हातमोजे तिच्या हातात होते.

"हे राहिले बघ," ती म्हणाली.

"टाक ना खाली."

क्लावदियानं हातमोजे टाकले नाहीत. ती तशीच वाकून उभी होती, ज्या खिडकीतून जावयाची टोपी चिखलात गेली होती त्याच खिडकीत. सगळ्या सारापुलात वाटेतून कुणाला मागे फिरू न देणारी बाई, तिचा आवाज एवढा मऊ रिम्मानं कधी ऐकला नव्हता.

"वर ये ना, बाळा," ती म्हणाली. "पटकन येऊन घेऊन जा."

रोदिओननं रिम्माकडे बघितलं. मी आणू का, असं तो हळूच म्हणाला. ती नको म्हणाली. पुन्हा वर बघून तिनं हात पुढे केले, दोन्ही, झेलायला.

"टाक, आई."

खिडकीतली बाई हलली नाही. हातमोजे तिनं छातीशी धरले होते. रिम्मा हात पसरून उभी राहिली, बोटं बधिर होईपर्यंत उभी राहिली. मग ती गाडीत बसली आणि दार लावून घेतलं. शकुन-अपशकुन तिनं कधी मानला नव्हता, आताही मानत नव्हती. पण तो जिना आपण एकदा चढलो तर पुन्हा उतरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"चल," ती म्हणाली, आणि उघडे हात कोटाच्या बाहीत ओढून घेतले.